ईस्टर स्पेशल: कान बांधलेला ससा आणि त्याचा सातबारा

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि लोकलच्या गर्दीत आवाज येत नाही म्हणून इथे वाचणाऱ्यांनाही नमस्कार.

हा भाग ईस्टरच्या आठवड्यात रेकॉर्ड करतेय. वांद्र्याच्या, वसईच्या, पणजीच्या बेकऱ्यांमध्ये सध्या मार्झिपॅनची रंगीत अंडी मांडलेली असतील आणि शेजारी चॉकलेटचे ससे. मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. "ताई, हॅलोविनला बॅटमॅन चालतो, वटवाघूळच आहे ते. मग ईस्टरला कोण?"

प्रश्न गमतीत विचारला होता, पण मी त्यावर दोन रात्री घालवल्या. उत्तर तसं सोपं आहे: ससा. पण कुठला ससा? कॉमिक्सच्या इतिहासात ससे-हीरो बरेच होऊन गेलेत. बहुतेक आले, चार उड्या मारल्या आणि कंपनीच्या कपाटात जाऊन बसले. माझा आवडता ससा मात्र १९८४ पासून चालतोय. अक्षरशः चालतोय, पायी. कमरेला दोन तलवारी, लांब कान डोक्यावर शेंडीसारखे बांधलेले. त्याचं नाव मियामोतो उसागी आणि त्याच्या कॉमिकचं नाव 'उसागी योजिम्बो'.

आज त्याचीच गोष्ट. पण ती नीट कळायला आधी दोन दुसरे ससे भेटवावे लागतील. आणि एक प्रश्न मनात ठेवा, तो शेवटपर्यंत लागेल. एखादं कॅरेक्टर नक्की कोणाचं असतं? काढणाऱ्याचं, की छापणाऱ्याचं?

ससा ईस्टरला आला कुठून?

हे आधी उरकून घेऊ. बायबलमधल्या ईस्टरच्या गोष्टीत ससा नाही. तो आला जर्मन भाषा बोलणाऱ्या भागातून. १६८२ मध्ये गेऑर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाउ नावाच्या जर्मन डॉक्टरने ईस्टरच्या अंड्यांवर लॅटिनमध्ये एक निबंध छापला. त्यात तो सांगतो की आल्सास आणि आसपासच्या भागात मोठी माणसं मुलांना सांगतात, ईस्टरचा ससा येतो, अंडी घालतो आणि गवतात, झुडपात लपवून ठेवतो. मुलं ती शोधत फिरतात. गडी डॉक्टर होता, त्यामुळे अंडी जास्त खाल्ली तर पोटाचं काय होतं हेही त्याने सांगून ठेवलंय.

आता ससा अंडी घालत नाही हे त्या मुलांनाही कळत असणार. पण जोडी जमण्यामागे कारण आहे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासाचा काळ असतो. जुन्या काळी त्यात अंडीसुद्धा वर्ज्य होती. कोंबड्यांना काही उपास नसतो, त्या अंडी देतच राहायच्या. म्हणजे ईस्टरला घरात अंड्यांचा ढीग. आणि नेमकं तेव्हाच युरोपातली थंडी संपून शेतांमध्ये ससे बागडताना दिसायचे. झाली जोडी.

पुढे अठराव्या शतकात जर्मन कुटुंबं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिली, आणि सशालाही बरोबर घेऊन गेली. तिथली मुलं ईस्टरच्या आदल्या रात्री आपल्या टोप्यांची घरटी करून ठेवायची, सशाने त्यात अंडी घालावीत म्हणून. अमेरिकेत सशाचा जम बसला तो असा. आणि सुपरहीरो कॉमिक्सचा जन्मही पुढे याच देशात झाला. त्यामुळे आज ना उद्या कोणीतरी सशाला केप घालणार, हे ठरलेलंच होतं.

पहिला ससा: हॉपी

१९४२ चा डिसेंबर. फॉसेट नावाच्या प्रकाशनाने 'फनी अ‍ॅनिमल्स' नावाचं कॉमिक काढलं. त्यात चित्रकार चॅड ग्रोथकॉफचा एक ससा होता, हॉपी. 'शझॅम' म्हणायचा अवकाश, वीज चमकायची आणि हॉपीचा 'मार्व्हल बनी' व्हायचा. लाल पोशाख, छातीवर विजेचं चिन्ह, पाठीवर केप.

'शझॅम' ऐकून काहींना सिनेमा आठवला असेल. बरोबर. हॉपी त्याच कुटुंबातला. त्या वेळी शझॅमवाल्या हीरोचं नाव कॅप्टन मार्व्हल होतं आणि चाळिसच्या दशकात काही काळ त्याची कॉमिक्स सुपरमॅनपेक्षा जास्त खपत होती.

हेच त्याला महागात पडलं. सुपरमॅन ज्या कंपनीकडे होता ती नॅशनल, म्हणजे आजची डीसी. तिने फॉसेटवर दावा ठोकला, की हा आमच्या सुपरमॅनची नक्कल आहे. खटला बारा वर्षं रेंगाळला. तोवर सुपरहीरो कॉमिक्सचा खपही पडला होता. शेवटी १९५३ मध्ये फॉसेटने चार लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि कॅप्टन मार्व्हलचं अख्खं खानदान छापणं बंद केलं. त्यात बिचारा ससाही गेला. काही दिवस दुसऱ्या प्रकाशनाने हॉपीच्या जुन्या गोष्टी 'मॅजिक बनी' असं नाव बदलून छापल्या. गंमत पुढे आहे. ज्या कंपनीने कोर्टात खेचलं, त्याच कंपनीने १९७२ मध्ये कॅप्टन मार्व्हल छापायचे हक्क घेतले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या भांडणात दोन कंपन्या होत्या. ज्यांनी हातात पेन्सिल धरून हे हीरो काढले ते कुठेच नव्हते. सुपरमॅन तरी कोणाचा होता? जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांचा. १९३८ मध्ये त्यांनी तो कंपनीला विकला, १३० डॉलरला. पुढे त्या हीरोने किती कमावलं ते तुम्हाला माहीत आहे. ते दोघं मात्र आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. कॅरेक्टर काढायचं कोणी आणि सातबारा कोणाच्या नावावर, हा त्या धंद्यातला जुना आजार.

दुसरा ससा: कॅप्टन कॅरट

१९८२. आता डीसीनेच स्वतःचा ससा काढला. लेखक रॉय थॉमस, चित्रकार स्कॉट शॉ. नाव कॅप्टन कॅरट. अंतराळातल्या कसल्याशा किरणांचा परिणाम झालेली गाजरं खाल्ली की याच्या अंगात ताकद यायची, आणि ताकद उतरली की पुन्हा गाजर. बरोबर प्राण्यांची अख्खी टीम: बदक, कासव, डुक्कर, मांजर.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. हा ससा पोटापाण्यासाठी काय करायचा? कॉमिक्स काढायचा! चित्रकार ससा. दिवसा टेबलाशी बसून प्राण्यांचे सुपरहीरो काढायचा आणि संकट आलं की गाजर खाऊन धावून जायचा.

पण मालिका वीस अंकांत, १९८३ मध्ये बंद झाली. त्यानंतर कॅप्टन कॅरट अधूनमधून दिसतो, कंपनीला आठवण झाली की. चूक कोणाचीच नाही. कंपनीच्या गोदामात हजारो हीरो असतात. कोणाला बाहेर काढायचं आणि कोणाला धूळ खात ठेवायचं, हे विक्री ठरवते.

तिसरा ससा: एका कागदावरची रेघ

आता आपल्या माणसाकडे येऊ. स्टॅन सकाई. जन्म १९५३, जपानमधल्या क्योतो शहरात. दोन वर्षांचा असताना घरचे हवाईला आले आणि तो तिथेच वाढला. जपानी वंशाचा अमेरिकन मुलगा. एकीकडे अमेरिकन कॉमिक्स, दुसरीकडे थिएटरात लागणारे जपानी सामुराई सिनेमे. हवाई विद्यापीठातून चित्रकला शिकला, पुढे कॅलिफोर्नियात गेला.

तिथे तो काय करायचा? अक्षरं काढायचा. कॉमिकमध्ये पात्रांच्या तोंडाजवळ जे फुगे असतात ना, त्यातलं प्रत्येक अक्षर तेव्हा हाताने काढावं लागायचं. त्यासाठी वेगळा माणूस असायचा. 'मॅड' मासिकामुळे गाजलेले सर्जिओ आरागोनेस यांचं 'ग्रू' नावाचं विनोदी कॉमिक होतं. त्याची अक्षरं सकाई काढायचा. म्हणजे दुसऱ्याच्या हीरोच्या तोंडी शब्द घालायचं काम. ते तो अजिबात कमी समजला नाही, पुढे १९९६ मध्ये अक्षरांसाठी त्याला आयझनर पुरस्कारही मिळाला. आयझनर म्हणजे कॉमिक्सच्या दुनियेतला ऑस्करच समजा.

पण मनात स्वतःची गोष्ट होती. जपानमध्ये मियामोतो मुसाशी नावाचा खराखुरा तलवारबाज होऊन गेला, १५८४ ते १६४५. सकाईला त्याच्यासारख्या माणसाची गोष्ट काढायची होती. मुसाशी माणूस होता, त्यामुळे हीरोही माणूसच असणार होता. मग एक दिवस सहज चाळा म्हणून स्केचबुकात त्याने ससा काढला. सशाचे लांब कान वर बांधून टाकले, सामुराई डोक्यावर केसांची गाठ बांधतात तसे. बघितलं आणि आवडलं. बस्स. मियामोतो मुसाशीचा झाला मियामोतो उसागी. जपानीत 'उसागी' म्हणजे ससा.

'योजिम्बो' म्हणजे अंगरक्षक. अकिरा कुरोसावांचा १९६१ चा याच नावाचा सिनेमा आहे, तोशिरो मिफुने त्यात भाड्याने लढणारा तलवारबाज झालाय. सकाईने त्यांची आठवण ठेवली ती अशी: गोष्टीत उसागी ज्या सरदाराच्या पदरी होता, त्या सरदाराचं नावच मिफुने.

नोव्हेंबर १९८४ मध्ये 'अल्बेडो' नावाच्या छोट्याशा कॉमिकच्या दुसऱ्या अंकात उसागी पहिल्यांदा छापून आला.

सशाची गोष्ट

गोष्ट थोडक्यात सांगते, फार स्पॉइलर देणार नाही.

सतराव्या शतकाची सुरुवात. जपानमधली मोठी युद्धं नुकतीच संपलीत, शोगुनची राजवट बसतेय. एका लढाईत दगाफटका होतो आणि उसागीचा धनी मारला जातो. शत्रूच्या हाती धन्याचं मस्तक लागून त्याची विटंबना होऊ नये, म्हणून जखमी उसागी ते घेऊन निसटतो आणि पुरतो. भुवईवर वार राहतो, कायमचा. ज्याचा धनी गेला त्या सामुराईला म्हणतात रोनिन. घर नाही, पगार नाही, ठावठिकाणा नाही. मग हा चालत सुटतो. गावोगाव फिरायचं, विद्या घासूनपुसून ठेवायची, आणि वाटेत कोणाला गरज असेल तर तलवार काढायची. मोबदल्यात कधी पैसे, कधी नुसता भात.

या जगात सगळे प्राणीच आहेत. गेन नावाचा गेंडा आहे, पैसे घेऊन गुन्हेगार पकडणारा, कायम जेवणाचं बिल दुसऱ्यावर ढकलणारा. असा एक मित्र आपल्या सगळ्यांच्या ग्रुपमध्ये असतो. तोमोए आमे ही मांजर आहे, लढाईत उसागीच्या तोडीस तोड. जपानच्या इतिहासात तोमोए गोझेन ही स्त्री योद्धा प्रसिद्ध आहे, तिच्यावरून हे नाव. आंधळा तलवारबाज डुक्कर आहे, तो नाकाने वास घेऊन लढतो. वाटेत सरडे इकडून तिकडे पळत असतात, आपल्याकडे गल्लीत कुत्री असतात तसे.

हे सगळं गोड वाटतंय ना? तिथेच फसायला होतं. पहिल्या दोन पानांत तुम्ही म्हणता, ससा आहे, लहान मुलांचं असेल. दहाव्या पानावर कोणीतरी मरतं. रक्त जवळजवळ दिसत नाही. मरणाऱ्याच्या तोंडाजवळ एक छोटा फुगा येतो आणि त्यात एक कवटी असते. एवढंच. पण उसागी त्या मेलेल्या माणसासाठी थांबतो, आणि वाचणाऱ्यालाही थांबावं लागतं.

उसागीला एक मुलगाही आहे, जोतारो. उसागीच्या लहानपणीच्या मैत्रिणीचा मुलगा. तिचं लग्न दुसऱ्याशी झालं आणि जग जोतारोला त्या दुसऱ्याचाच मुलगा समजतं. पुढे खरं काय ते दोघांनाही कळतं, उसागीलाही आणि जोतारोलाही. पण दोघं एकमेकांजवळ ते बोलत नाहीत. शब्द ओठांवर येतात आणि परत जातात. कुठल्याही केपवाल्या हीरोने मला एवढं रडवलेलं नाही.

तलवार जी ठेवून घ्यायची नव्हती

सकाई अभ्यास करून काढतो. पतंग बनवणाऱ्याची गोष्ट असेल तर बांबू आणि कागदापासून पतंग तयार कसा होतो हे त्यात येतं. तलवारीची गोष्ट असेल तर लोहार पोलाद कसं ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो हे येतं. शाळेत कोणी असं शिकवलं असतं तर!

यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे 'ग्रासकटर'. जपानच्या सम्राटाची तीन पवित्र राजचिन्हं मानतात: आरसा, रत्न आणि तलवार. तलवारीचं नाव कुसानागी, म्हणजे गवत कापणारी. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या समुद्रातल्या लढाईत एका हरलेल्या घराण्याने बाल-सम्राटासह समुद्रात उडी घेतली आणि तलवारही बुडाली, असं जपानी इतिहासकथा सांगतात. सकाई विचारतो, ती तलवार चारेकशे वर्षांनी वर आली तर? जिच्या हाती ती, त्याच्या हाती देश. शोगुनला उलथवायला निघालेले कट करणारे तिच्या मागे लागतात. आणि ती नेमकी सापडते उसागीला.

दुसऱ्या कुठल्याही कॉमिकमध्ये हीरोला असं हत्यार मिळालं की तो कव्हरवर ते उगारून उभा राहतो. उसागीला एकच काळजी, हे कोणाच्याच हाती लागता कामा नये. शेवटी ती गुपचूप देवळात पोचवायची असं ठरतं. बस्स. मिळालेली ताकद ठेवून न घेण्याची गोष्ट. तिला १९९९ मध्ये आयझनर मिळालं.

सातबारा कोणाच्या नावावर?

आता सुरुवातीचा प्रश्न. आकडे ऐका. १९८७ मध्ये उसागीची स्वतंत्र मालिका सुरू झाली, फँटाग्राफिक्स या प्रकाशनाकडे. १९९३ मध्ये मिराज. १९९६ मध्ये डार्क हॉर्स, तिथे बावीस वर्षं. २०१९ मध्ये आयडीडब्ल्यू. २०२३ मध्ये पुन्हा डार्क हॉर्स, या वेळी सकाईच्या स्वतःच्या 'डोगू' या नावाखाली.

भाड्याची घरं बदलत गेली. पण सातबारा एकाच नावावर राहिला. प्रकाशन बंद पडलं, मालिका थांबली, तर ससा कोणाच्या गोदामात अडकला नाही. मालकाने पिशवी उचलली आणि दोघं पुढच्या गावाला. रोनिनची गोष्ट काढणारा स्वतःही एक प्रकारे रोनिनच राहिला. धनी नाही, पण तलवार आपली.

यात एक मजेदार दोस्तीही आहे. १९८४ मध्येच केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी स्वतःच्या पैशांनी एक कॉमिक छापलं होतं, 'टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स'. ती कासवं आणि आपला ससा एकमेकांच्या गोष्टींत जायला लागले. टर्टल्सच्या कार्टूनमध्ये उसागी आला, त्याचं खेळणंही निघालं. जगातल्या पुष्कळ मुलांना उसागी पहिल्यांदा भेटला तो तिथे. वर सांगितलं ते मिराज प्रकाशन टर्टल्सवाल्यांचंच. आपल्याकडे ससा आणि कासव म्हटलं की शर्यत आठवते. इथे कासवाने सशाला राहायला घर दिलं.

पण सातबारा स्वतःकडे ठेवण्याची किंमतही असते. कंपनीचा हीरो एका चित्रकाराने सोडला तर दुसरा काढतो. उसागी लिहिणारा सकाई, काढणारा सकाई, शाई फिरवणारा सकाई, अक्षरंही सकाईचीच. तो थांबला की ससा थांबला. आणि तो थांबला. पत्नी गंभीर आजारी पडली, औषधोपचाराचा खर्च डोंगराएवढा. महिन्याच्या महिन्याला येणारी मालिका बंद पडली.

तेव्हा जे झालं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठं वाटतं. अमेरिकेतले कॉमिक चित्रकार एकत्र आले. ज्याने त्याने आपापल्या हाताने, आपापल्या शैलीत उसागी काढला आणि ती चित्रं मदतीसाठी देऊन टाकली. काहींचं काम एरवी सुपरमॅन आणि बॅटमॅन काढण्याचं. २०१४ मध्ये, उसागीला तीस वर्षं झाली त्या वर्षी, त्या चित्रांचं 'द सकाई प्रोजेक्ट' नावाचं पुस्तक निघालं. त्याच वर्षाच्या शेवटी सकाईंच्या पत्नी गेल्या. २०१५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली आणि ससा पुन्हा चालायला लागला.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. कागदावर उसागी एकाच माणसाचा. पण त्या माणसाचा हात थरथरला तेव्हा शेकडो हातांनी तो ससा धरून ठेवला, आणि वेळ आल्यावर त्याचा त्याला परत दिला. कोणी ठेवून घेतला नाही. कुसानागी तलवारीसारखाच.

आणि हा ससा खरं तर आपल्याला ओळखीचा आहे

जाता जाता एक गंमत. ईस्टरचा ससा जर्मनीचा, हे आपण बघितलं. उसागी त्याच्या वंशातला नाही. जपानमध्ये सशाचा पत्ता आहे चंद्र. शरद ऋतूत पौर्णिमेला लोक चंद्र बघायला बसतात आणि म्हणतात, बघा, वर ससा उखळात तांदूळ कुटतोय. 'सेलर मून' बघितलेल्यांनो, नायिकेचं नाव आठवा: त्सुकिनो उसागी. 'चंद्रावरचा ससा' यावर केलेला शब्दांचा खेळ आहे तो.

आणि चंद्रावर ससा गेला कसा? ती गोष्ट जपानला पोचली भारतातून, बौद्ध धर्माबरोबर. ससजातक. जंगलात चार मित्र असतात: ससा, माकड, कोल्हा आणि पाणमांजर. शक्र, म्हणजे इंद्र, ब्राह्मणाचं रूप घेऊन भिक्षा मागायला येतो. माकड आंबे देतं, पाणमांजर मासे देतं, कोल्हाही मिळालेलं देतो. सशाकडे गवताशिवाय काही नाही, आणि गवत माणूस खात नाही. तो म्हणतो, विस्तव पेटवा. उडी मारायच्या आधी अंग तीनदा झटकतो, केसांत किडामुंगी असेल तर ती मरू नये म्हणून. मग उडी मारतो. पण तो विस्तव त्याला भाजत नाही, बर्फासारखा थंड लागतो. हे सगळ्या जगाला कायम दिसत राहावं म्हणून शक्र चंद्रावर सशाचं चित्र काढतो. जपानमध्ये 'कोंजाकु' नावाच्या जुन्या कथासंग्रहात, भारतातल्या कथांच्या भागात, हीच गोष्ट थोड्या बदलाने येते.

आपण चंद्राला शशी म्हणतो, शशांक म्हणतो. शश म्हणजे ससा. तुमच्या वर्गातल्या शशांकच्या नावात हीच गोष्ट दडलीये. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवत असताना वर बघून "तो बघ ससा" असं आजीने दाखवलेलं आठवतंय? तोच हा. फक्त त्याने पुढे कान बांधले आणि कमरेला तलवारी लावल्या.

आपल्या लहानपणच्या गोष्टींत ससा बहुतेक भित्रा असतो. पान पडलं तरी आभाळ पडलं म्हणून पळणारा. त्यामुळे तलवारवाला ससा बघून आधी हसू येतं. पण त्या विस्तवापुढे उभ्या राहिलेल्या सशाला आठवा. तो उडी मारतो, आणि त्याआधी थांबून अंगावरच्या किड्यांचा विचार करतो. उसागी अगदी असाच आहे. लढतो, पण लढायच्या आधी आणि नंतर थांबतो. म्हणून माझ्यासाठी ईस्टरचा हीरो हाच. जिवावर उदार होणं आणि सगळं संपलं असं वाटल्यावर परत उठणं, हा तर ईस्टरच्या सणाचाच गाभा आहे.

वाचायला सुरुवात कुठून करायची? गोष्टी सुट्या आहेत, कुठलंही पुस्तक उचला. लांब गोष्ट हवी असेल तर 'ग्रासकटर'. नेटफ्लिक्सवर २०२२ मध्ये 'सामुराई रॅबिट' नावाची मालिका आली होती, पण ती त्याच्या वंशजाची आहे, भविष्यातली. आधी पुस्तक वाचा, माझं ऐका.

तर मंडळी, ईस्टर साजरा करणाऱ्या सगळ्यांना शुभेच्छा. मार्झिपॅनची अंडी मिळाली तर एक माझ्या नावाने खा. आणि येत्या पौर्णिमेला दोन मिनिटं मोबाईल खिशात ठेवून वर बघा. कान दिसतात का ते मला व्हॉइस मेसेजवर कळवा. भेटू पुढच्या भागात!